आगीच्या काठावरील मोजमाप

अणुसंमीलनाविषयीच्या लेखांत सूर्याचा उल्लेख बहुधा पहिल्याच वाक्यात येतो. हायड्रोजनची केंद्रके एकत्र येऊन हेलियमचे केंद्रक बनते, त्या वेळी थोडे वस्तुमान ऊर्जेत रूपांतरित होते, आणि हीच क्रिया पृथ्वीवर घडवून आणण्यासाठी दहा-पंधरा कोटी अंश तापमान लागते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. मात्र अशा लेखनात वर्णन असते ते आगीच्या मध्याचे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या आगीचा काठ हा आहे. मध्यभागी पंधरा कोटी अंशांची आग आहे आणि सभोवार पाण्याने थंड राखलेली धातूची भिंत आहे. या दोहोंमधल्या अरुंद पट्ट्यात नेमके काय घडते, आणि तेथे काय घडते हे मुळात मोजायचे कसे, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत. दुसरा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण भिंत टिकणार की वितळणार याचे उत्तर त्याच्याच हाती आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहू. टोकामॅक हे मेदूवड्याच्या आकाराचे पोकळ पात्र असते. त्यातील वायू इतका तापवतात की अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि धन आयन व ऋण इलेक्ट्रॉन यांचा मुक्त समूह तयार होतो. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. आपल्या परिभाषाकोशांनी तिला आयनद्रायू असे नाव दिले आहे. विद्युतभारित कण चुंबकीय बलरेषेभोवती गिरक्या घेत तिच्याच दिशेने धावतात, आडवे सहसा जात नाहीत. म्हणून बलरेषा पात्रात आतल्या आत फिरत ठेवल्या की कणही आत राहतात. पण ही व्यवस्था पूर्ण निर्दोष नसते. खळबळीमुळे कण हळूहळू बाहेरच्या बाजूस झिरपतात आणि एका मर्यादेपलीकडे गेले की ज्या बलरेषेवर ते येतात ती आत फिरत न राहता थेट भिंतीला जाऊन भिडते. या मर्यादेबाहेरच्या पातळ थराला इंग्रजीत स्क्रेप-ऑफ लेयर म्हणतात. मराठीत त्याला ‘खरवडथर’ म्हणावे असे मला वाटते. दुधाच्या पातेल्याच्या कडेची खरवड जशी मूळ दुधापासून निराळी होते, तसाच हा थर आतल्या प्लाझ्म्यापासून सुटलेला असतो. आधुनिक टोकामॅकमध्ये हा थर मुद्दाम तळाशी बसवलेल्या खास पट्ट्यांवर नेऊन सोडतात. त्या भागाचे नाव डायव्हर्टर. आतील उष्णतेची निचरावाट तीच.

या काठावर तापमान किती असते? प्लाझ्म्याचा अभ्यास करणारे लोक तापमान अंशांत न सांगता इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये सांगतात. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० केल्विन. मध्यभागी दहा हजार किंवा त्याहून अधिक इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात, तर काठावर दहा ते शंभर. वीस इलेक्ट्रॉनव्होल्ट हा काठाचा सर्वसाधारण आकडा धरला, तर तेही सव्वादोन लाख अंशांहून अधिक होतात. येथे विद्यार्थ्याच्या मनात शंका यावी, नव्हे यायलाच हवी: इतक्या तापमानात कोणतेही उपकरण घातले तर ते तत्काळ वितळून जाणार नाही काय?

उत्तर तापमानात नाही, घनतेत आहे. काठावरील प्लाझ्म्याच्या एका घनमीटरमध्ये साधारणपणे १० चा १९ वा घात इतके इलेक्ट्रॉन असतात. आपल्या खोलीतील हवेत एका घनमीटरमध्ये त्याच्या सुमारे २५ लाख पट रेणू असतात. प्रत्येक कण प्रचंड वेगाने येतो खरा, पण येणारे कण थोडे असतात. ट्यूबलाइटमधील इलेक्ट्रॉनांचे तापमानही दहा हजार अंशांच्या आसपास असते. तरी आपण तिला हात लावू शकतो. म्हणून काठावर धातूची किंवा ग्रॅफाइटची बारीक शलाका क्षणभर घालता येते. ‘क्षणभर’ हा शब्द महत्त्वाचा आहे; त्याचा हिशेब पुढे येईल.

लँगम्युरची तार

शलाका घालून प्लाझ्मा मोजण्याची पद्धत संमीलनाच्या प्रयोगांहून जुनी आहे. अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्युर हे विजेचे दिवे आणि पाऱ्याच्या बाष्पातील विद्युत्-विसर्जन यांचा अभ्यास करीत होते. १९२६ साली हॅरल्ड मॉट-स्मिथ यांच्यासह त्यांनी या शलाकेचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. ‘प्लाझ्मा’ हे नावही लँगम्युर यांनीच १९२८ साली छापील लेखनात रूढ केले. १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, ते मात्र पृष्ठभागावरील रसायनशास्त्राच्या कामासाठी. आज जगातील बहुतेक प्रत्येक टोकामॅकच्या काठावर लँगम्युर यांची शलाका, म्हणजे लँगम्युर प्रोब, कोणत्या ना कोणत्या रूपात उभी आहे. शंभर वर्षांपूर्वीची ही युक्ती अजून कामावर आहे, यातच तिची योग्यता दिसते.

शाळेच्या प्रयोगशाळेत आपण ओहमचा नियम पडताळतो. विभवांतर वाढवत जावे, विद्युत्प्रवाह मोजावा, आलेख काढावा. सरळ रेषा मिळते आणि तिच्या चढावरून रोध कळतो. लँगम्युर प्रोबचा प्रयोगही याच जातीचा आहे: तारेला एक विभव द्यायचे आणि तिच्यातून वाहणारा प्रवाह मोजायचा. फरक एवढाच की येथे आलेख सरळ रेषेत येत नाही, आणि सारी माहिती त्या वाकडेपणातच दडलेली असते.

समजा तारेला काहीच विभव दिले नाही आणि ती प्लाझ्म्यात तरंगत ठेवली. इलेक्ट्रॉन अतिशय हलका असतो. ड्यूटेरियमचा आयन त्याच्या सुमारे ३,६७० पट जड. त्यामुळे तारेवर सुरुवातीस इलेक्ट्रॉनांचाच भडिमार होतो व ती ऋणभारित होते. ऋणभार वाढला की ती पुढच्या इलेक्ट्रॉनांना दूर लोटू लागते आणि आयनांना ओढू लागते. अखेर दोन्हींची आवक समान होते. या स्थितीत तारेचे विभव प्लाझ्म्याच्या विभवापेक्षा तापमानाच्या सुमारे तिप्पट खाली असते. वीस इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्लाझ्म्यात सुमारे साठ व्होल्ट. तारेभोवती जो पातळ विद्युतभारित थर तयार होतो त्याला ‘शीथ’ म्हणजे म्यान असे समर्पक नाव आहे. एका डिबाय लांबीची, म्हणजे अशा थराचा अंदाज देणाऱ्या मापाची, किंमत काठावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी असते आणि म्यानाची जाडी तिच्या काही पट.

आता तारेला बरेच ऋण विभव द्या. सर्व इलेक्ट्रॉन परतवले जातात, केवळ आयन येतात. ऋण विभव आणखी वाढवले तरी प्रवाह फारसा वाढत नाही. कारण आयन किती येणार हे तार ठरवीत नाही, म्यानाच्या उंबरठ्यावर ते किती वेगाने पोहोचतात यावर ते ठरते. डेव्हिड बोम यांनी १९४९ साली दाखवून दिले की तेथे आयनांचा वेग किमान प्लाझ्म्यातील ध्वनिवेगाइतका असावा लागतो. वीस इलेक्ट्रॉनव्होल्ट तापमानाच्या ड्यूटेरियम प्लाझ्म्यात हा वेग सेकंदाला सुमारे ४४ किलोमीटर येतो (आयन आणि इलेक्ट्रॉन दोहोंचे तापमान सारखे मानून). या स्थिर प्रवाहाला संपृक्त आयन-प्रवाह म्हणतात.

दुसऱ्या बाजूने विभव हळूहळू वाढवत न्या. आता काही वेगवान इलेक्ट्रॉन म्यानाचा चढ ओलांडून तारेपर्यंत येऊ लागतात. विभव जितके वाढते तितके अधिक इलेक्ट्रॉन चढ ओलांडतात आणि ही वाढ घातांकी असते. येथेच तापमान कळते. तापमान वीस इलेक्ट्रॉनव्होल्ट असेल, तर विभव दर वीस व्होल्टनी वाढवल्यावर इलेक्ट्रॉनांचा प्रवाह २.७२ पट होतो. एका विभवाला इलेक्ट्रॉन-प्रवाह ०.१० अँपिअर आणि त्याहून वीस व्होल्ट वरच्या विभवाला ०.२७ अँपिअर मिळाला, तर तापमान वीस इलेक्ट्रॉनव्होल्ट, हे तोंडी सांगता येते. प्रवाह किती व्होल्टमागे २.७२ पट होतो तेवढे व्होल्ट म्हणजेच तापमान. एवढ्या साध्या कृतीने दोन लाख अंशांचे तापमान मोजता यावे, हे मला आजही विलक्षण वाटते.

आता घनता काढू. समजा शलाकेचे टोक एक मिलिमीटर जाडीचे आणि अडीच मिलिमीटर लांब आहे. कण बलरेषेच्या दिशेनेच दोन्ही बाजूंनी येतात, म्हणून टोकाचा पूर्ण पृष्ठभाग धरायचा नाही, त्याची दोन्हीकडची सावली धरायची: १ × २.५ × २ = ५ चौरस मिलिमीटर. मोजलेला संपृक्त आयन-प्रवाह ०.१७५ अँपिअर आहे. हा प्रवाह म्हणजे घनता, इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, ध्वनिवेग आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराच्या निम्मा. म्यानाच्या उंबरठ्यावर घनता मूळच्या साधारण निम्मी झालेली असते, म्हणून तो अर्धा. आकडे घालून पाहावेत. उत्तर घनमीटरला १० चा १९ वा घात असे येते. दहावीच्या विद्यार्थ्याने हे गणित कागदावर अवश्य करावे. त्यात गुणाकार-भागाकारापलीकडे काही नाही.

याच आकड्यांवरून उष्णतेचाही अंदाज येतो. वरील प्रवाह प्रत्येक चौरस सेंटीमीटरला ३.५ अँपिअर होतो. म्यानातून जाणारी प्रत्येक आयन-इलेक्ट्रॉन जोडी पृष्ठभागाला तापमानाच्या सुमारे सातपट ऊर्जा देते, म्हणजे येथे १४० इलेक्ट्रॉनव्होल्ट. गुणाकार केला की प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ ५०० वॅट. घरातील हजार वॅटच्या इस्त्रीची सगळी उष्णता दोन चौरस सेंटीमीटरच्या तुकड्यावर सोडल्यासारखे हे झाले. म्हणूनच शलाका काठावर सतत ठेवता येत नाही. ती एका वेगवान दांड्यावर बसवतात. दांडा सेकंदाच्या काही दशांशांत आत जातो, मोजमाप घेतो आणि परत येतो. तापलेल्या तव्यावरील भाकरी जशा चपळाईने बोटांनी उलटतात, तशीच ही क्रिया.

शलाकेच्या मर्यादा

येथवरचे वर्णन वाचून ही पद्धत निर्धोक आहे असा समज होऊ नये. पहिली अडचण चुंबकीय क्षेत्राची. इलेक्ट्रॉन बलरेषेला घट्ट बांधलेले असल्याने धन विभवाकडील बाजूस तार आपल्या समोरील बलरेषा जणू उपसून रिकाम्या करते. त्या बाजूचा आलेख विश्वसनीय राहत नाही. म्हणून तरंगत्या विभवाच्या आसपासचा आणि खालचा भागच वापरावा लागतो. दुसरी अडचण वेळेची. विभव खालीवर करून पूर्ण आलेख घेईपर्यंत काठाची स्थिती बदललेली असते. यावर तोडगा म्हणून तीन टोकांची शलाका वापरतात: एक टोक तरंगते ठेवायचे आणि उरलेल्या दोघांमध्ये ठरावीक विभवांतर लावायचे. धन टोक आणि तरंगते टोक यांच्या विभवांतील फरकाला ०.६९३ ने भागले की तापमान तत्क्षणी मिळते. १९६५ साली सुचवलेली ही युक्ती आजही वापरात आहे. अर्थात तिन्ही टोके एकसारख्याच प्लाझ्म्यात आहेत असे गृहीत धरावे लागते, आणि खळबळीच्या काठावर ते नेहमीच खरे नसते.

तिसरी अडचण अधिक मूलगामी आहे. शलाका ज्या प्लाझ्म्याचे मोजमाप घेते, त्यालाच ती बदलते. लहान वाटीतल्या गरम पाण्यात मोठा तापमापक बुडवला तर पाणीच थंड होते. तसाच हा प्रकार. शलाकेवरून उडालेले कार्बनचे अणू प्लाझ्म्यात मिसळतात, तिची सावली बलरेषांवर पडते. याचे टोकाचे उदाहरण १९८९ साली लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका टोकामॅकवर मिळाले. पण ते समजण्यासाठी सात वर्षे मागे जावे लागेल.

१९८२ साली जर्मनीत म्युनिकजवळच्या गार्खिंग येथे अ‍ॅसडेक्स टोकामॅकवर फ्रिडरिख वॅग्नर यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. तापनशक्ती एका मर्यादेपलीकडे नेली की प्लाझ्मा एकाएकी अधिक शांत होई आणि ऊर्जा धरून ठेवण्याची त्याची क्षमता सुमारे दुप्पट होई. हा बदल आतून नव्हे, काठावरून सुरू होत होता: काठाच्या काही सेंटीमीटरांत तापमान व घनता यांचा उभा कडा उभा राहत होता, आणि त्या कड्याच्या उंचीवर आतला सारा डोलारा चढत होता. असे का व्हावे? काठावरील विद्युतक्षेत्र बदलल्याने खळबळीचे भोवरे चिरले जातात, असा विचार पुढे आला. लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी काठाजवळ एक विद्युतअग्र मुद्दाम आत सरकवून त्यातून प्रवाह सोडला आणि प्लाझ्मा खरोखरच त्या शांत अवस्थेत गेला. मोजण्यासाठी आत घातलेली वस्तू काठाचे वागणे पालटू शकते, ही जी भीती होती, तिचाच त्यांनी पुराव्यासाठी उपयोग करून घेतला. सॅन डिएगो येथील डीथ्री-डी टोकामॅकवर वर्णपटाच्या साहाय्याने, म्हणजे काहीही आत न घालता, काठावरील विद्युतक्षेत्राचा तो बदल याच सुमारास दिसून आला. दोन निरनिराळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचल्यामुळे त्या कल्पनेला बळ मिळाले.

आपल्या देशाचाही या विषयात वाटा आहे आणि तो शलाकेशीच निगडित आहे. गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून आदित्य हा टोकामॅक कार्यरत झाला. पाऊण मीटर मुख्य त्रिज्या आणि पाव मीटर लहान त्रिज्या असलेले हे यंत्र जगाच्या मानाने छोटे होते. परंतु मोठ्या यंत्रांचे लक्ष मध्यभागाच्या तापमानाकडे लागलेले असताना, छोट्या यंत्राच्या काठावर शलाका सुखाने आत-बाहेर नेता येते, हा त्याचा लाभ होता. १९९२ साली प्रेधिमान कृष्ण कौ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदित्यच्या काठावरील शलाकेच्या नोंदींचे विश्लेषण ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. काठाची खळबळ एकसारखी नसून झटक्याझटक्यांनी होते, असे त्यांना आढळले. सरासरीभोवती नेहमीच्या घंटाकृती वक्राप्रमाणे चढउतार असावेत, ही अपेक्षा चुकीची ठरली. श्रावणातल्या सरींप्रमाणे प्लाझ्मा थांबून थांबून, गठ्ठ्यागठ्ठ्यांनी बाहेर येतो. महिन्याचा एकूण पाऊस सांगितल्याने ओढ्याला पूर येतो की नाही हे कळत नाही. तसेच काठाच्या सरासरी घनतेवरून भिंतीवर एका क्षणी किती मार बसतो हे कळत नाही. पुढे वेगवान कॅमेऱ्यांनी या गठ्ठ्यांची चित्रेही टिपली आणि इंग्रजीत त्यांना ‘ब्लॉब’ हे नाव पडले. आदित्यचे नूतनीकरण होऊन २०१६ पासून आदित्य-यू या नावाने ते यंत्र चालू आहे आणि आता त्यात डायव्हर्टरचीही सोय आहे.

स्पर्श न करता

शलाकेला पर्याय म्हणजे प्रकाश. त्यातील सर्वांत प्रतिष्ठित पद्धत थॉमसन विकिरणाची. प्लाझ्म्यातून लेसरचा झोत सोडायचा. इलेक्ट्रॉनांवर आदळून काही प्रकाश विखुरतो. त्याच्या रंगाचा पसारा जितका रुंद तितके तापमान अधिक, आणि प्रकाश जितका तेजस्वी तितकी घनता अधिक. तत्त्व सोपे, पण प्रकाश अत्यल्प. काठावरील घनतेत एक सेंटीमीटरच्या टप्प्यात लाख कोटी फोटॉनांपैकी सहा-सात विखुरतात, आणि त्यांतलेही फार थोडे भिंगापर्यंत येतात.

या पद्धतीने विज्ञानाच्या इतिहासातील एक वाद निकालात काढला. १९६८ साली नोव्होसिबिर्स्क येथील परिषदेत लेव्ह आर्त्सिमोविच यांनी मॉस्कोच्या टी-३ टोकामॅकमध्ये सुमारे एक कोटी अंश तापमान मिळाल्याचे जाहीर केले. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा त्या मोजमापावर विश्वास बसला नाही. आर्त्सिमोविच यांनी मग इंग्लंडमधील कलहॅम प्रयोगशाळेच्या लोकांनाच आपली उपकरणे घेऊन येण्याचे निमंत्रण दिले. शीतयुद्धाच्या त्या काळात ब्रिटिश पथक लेसरसह मॉस्कोला गेले, त्यांनी स्वतः मोजले, आणि १९६९ साली रशियनांचा दावा खरा असल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. हे मोजमाप गाभ्याचे होते, काठाचे नव्हे. तरी ते येथे सांगितले याचे कारण असे की, ज्याच्यावर अविश्वास होता त्याच्याच दारात दुसरे उपकरण नेऊन वाद मिटवण्याची ही रीत काठाच्या अभ्यासात आजही रोज लागते.

प्रकाशाची दुसरी पद्धत हेलियमची. काठाजवळ हेलियम वायूची बारीक धार सोडतात. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने हेलियमचे अणू उजळतात, आणि त्यांच्या वर्णपटातील ६६७.८, ७०६.५ व ७२८.१ नॅनोमीटरच्या तीन तांबड्या रेषा मोजतात. त्यांतील एका जोडीचे गुणोत्तर मुख्यतः घनतेप्रमाणे बदलते, दुसऱ्या जोडीचे तापमानाप्रमाणे. रेषांची तीव्रता नव्हे, गुणोत्तर पाहायचे असल्याने किती वायू सोडला हे अचूक ठाऊक असण्याची गरज नसते. हेलियमचे नाव निघाले की महाराष्ट्रात विजयदुर्गाची आठवण होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्या किल्ल्याचे नाव जोडलेले आहे, आणि नॉर्मन लॉकयर यांनी तेथून हेलियम शोधला असे आपण हौसेने सांगतो. त्या ग्रहणात गुंटूर येथून निरीक्षण करणारे होते ते फ्रान्सचे जान्सेन. लॉकयर यांनी आपले निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाविना, इंग्लंडमधून केले. किल्ल्याचे महत्त्व यामुळे उणे होत नाही. सूर्यातील अनोळखी पिवळ्या रेषेवरून ओळखला गेलेला तो वायू आज कृत्रिम सूर्याच्या कडेचे तापमान सांगतो, हा योग मात्र सुखद आहे.

दोन उपकरणे, दोन उत्तरे

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. फ्रान्सच्या दक्षिणेस उभारल्या जात असलेल्या इटर या महायंत्रात (भारत त्याच्या सात भागीदारांपैकी एक आहे, आणि त्याचे प्रचंड शीतकपाट गुजरातमधील हजिरा येथे घडवले गेले) संमीलनातून ५०० मेगावॅट शक्ती मिळवण्याचे ध्येय आहे. त्यातील सुमारे १०० मेगावॅट काठावाटे बाहेर पडून डायव्हर्टरकडे जाईल. तेथील टंगस्टनच्या पट्ट्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे १० मेगावॅट इतका भार सतत सोसू शकतात. तुलनेसाठी सांगायचे तर सूर्याच्या पृष्ठभागातून चौरस मीटरला सुमारे ६३ मेगावॅट बाहेर पडतात. काहीही उपाय न करता काठाचा झोत थेट पट्टीवर पडू दिला, तर भार सहनशक्तीच्या कितीतरी पट होईल.

उपाय असा: डायव्हर्टरमध्ये नायट्रोजन किंवा निऑनसारखा वायू सोडावा. तो उजळून ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने चहूकडे पसरवतो. पट्टीजवळील प्लाझ्मा थंड होत जातो. पाच इलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली आला की तटस्थ वायूची एक उशी तयार होते आणि प्लाझ्मा पट्टीपासून जणू सुटतो. फार तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब स्वतःच्याच वाफेच्या गादीवर नाचतो, तो तव्याला टेकत नाही. काहीशी तशीच ही अवस्था. ती साधली की भिंत वाचते. वायू कमी पडला तर पट्टी जळते. अधिक झाला तर थंडावा आत शिरून सारा प्लाझ्माच विझू शकतो. म्हणून पट्टीजवळ तापमान पाच इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे की एक, हे अचूक कळले पाहिजे.

आणि नेमके तेथेच लँगम्युर प्रोब फसतो. पट्टीतील प्रोब चार-पाच इलेक्ट्रॉनव्होल्ट दाखवतो, तेव्हा त्याच जागी थॉमसन विकिरणाने एकच इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळाल्याचे आढळून आले आहे. कारण वर आलेल्या वर्णनातच आहे. आपण आलेखाचा तरंगत्या विभवाजवळचा भागच वापरतो. तेथे तार ऋण असल्याने संथ इलेक्ट्रॉन तिच्यापर्यंत येतच नाहीत, येतात ते केवळ अतिवेगवान. वरच्या गरम भागातून टक्कर न होता निसटून आलेले थोडेसे चपळ इलेक्ट्रॉन असले, तर प्रोब त्यांनाच पाहतो आणि सर्वांचे तापमान तेच समजतो. क्रीडा महोत्सवात शंभर मीटरच्या अंतिम फेरीतील आठ धावपटूंवरून सगळ्या शाळेचा सरासरी वेग काढावा, तसे हे होते.

मग प्रोब टाकून द्यावा काय? तसे कोणी करीत नाही, आणि करूही नये. त्याच प्रोबचा संपृक्त आयन-प्रवाह चपळ इलेक्ट्रॉनांमुळे बिघडत नाही. वायू वाढवत नेला की हा प्रवाह प्रथम वाढतो आणि प्लाझ्मा पट्टीपासून सुटू लागला की उलट फिरून घसरतो. ही घसरण हीच त्या अवस्थेची सर्वांत भरवशाची खूण मानली जाते. म्हणजे एकाच तारेचे एक सांगणे नाकारायचे आणि दुसरे स्वीकारायचे. आणि कोणते कोणत्या परिस्थितीत, हे त्या तारेचा सिद्धान्त ठाऊक असल्याखेरीज कळत नाही. उपकरणाचा काटा तापमान दाखवतो असे आपण म्हणतो. खरे तर काटा फक्त प्रवाह दाखवतो, तापमान आपण काढतो. इटरच्या डायव्हर्टरमध्ये असे शेकडो प्रोब बसवण्याची योजना आहे, आणि त्यांच्या जोडीला थॉमसन विकिरणाची व वर्णपटाची साधनेही. काठासाठीच्या एक्स-रे वर्णपटमापकाची जबाबदारी भारताकडे आहे.

एक मोठा वाद अजून बाकी आहे: झोताची रुंदी किती असेल? २०१३ साली सहा टोकामॅकवरील अवरक्त कॅमेऱ्यांची मोजमापे एकत्र मांडण्यात आली. त्यांतून असे दिसले की ही रुंदी यंत्राच्या आकारावर जवळपास अवलंबून नाही. काठावरील चुंबकीय क्षेत्राचा जो घटक मेदूवड्याच्या लहान वेटोळ्याच्या दिशेने असतो, त्याच्या व्यस्त प्रमाणात ती बदलते. हा नियम इटरला लावला तर यंत्राच्या मध्यपातळीवर मोजलेली रुंदी सुमारे एक मिलिमीटर येते, पूर्वीच्या अपेक्षेहून कितीतरी कमी. यंत्र मोठे केल्याने झोत रुंदावेल ही आशा त्यामुळे मावळली. उलट २०१७ साली महासंगणकावरील एका गणिताने इटरमध्ये खळबळीच्या योगाने ही रुंदी पाच-सहा मिलिमीटर होईल असे दाखवले. एक मिलिमीटर खरे असेल तर वायूच्या उशीला तिळमात्र ढिलाई परवडणार नाही. सहा खरे असतील तर यंत्र चालवणाऱ्यांना श्वास घ्यायला जागा मिळेल. गणिताने या वादाचा निकाल लागलेला नाही. इटरमध्ये पूर्ण शक्तीचा प्लाझ्मा पेटेल आणि डायव्हर्टरवर रोखलेले कॅमेरे व पट्ट्यांमधील तारा आपापली नोंद देतील, तेव्हाच तो लागेल.